छिद्रापाशी थांबलेले सूत्र

पाठ्यपुस्तकांतल्या काही आकृत्या पिढ्यान्‌पिढ्या तशाच राहतात. पत्र्याच्या डब्याला एकाखाली एक अशी तीन भोके, त्यांतून उडणाऱ्या पाण्याच्या तीन धारा आणि सर्वांत खालची धार सर्वांत लांब पडलेली. खोलीबरोबर द्रवाचा दाब वाढतो, हे दाखवण्यासाठी ही आकृती काढतात. तत्त्व बरोबर आहे, पण आकृती बऱ्याचदा चुकीची असते. डबा जमिनीवर ठेवलेला असेल तर सर्वांत लांब जाते ती मधल्या भोकाची धार. खालच्या भोकातून पाणी सर्वांत जास्त वेगाने निघते हे खरे, पण त्याला लगेच जमीन लागते आणि लांब जायला वेळच मिळत नाही. डबा त्यातल्या पाण्याच्या उंचीइतक्या स्टुलावर ठेवला, की पुस्तकातली आकृती खरी ठरते.

यात चूक नेमकी कोठे होते? भोकापर्यंतचा विचार नीट केला जातो आणि भोकाबाहेर काय आहे ते सोडून दिले जाते. डब्याच्या बाबतीत हे फारसे बिघडवत नाही. परंतु हाच डबा रस्त्याखालच्या जलवाहिनीची प्रतिकृती म्हणून वापरला जातो, तेव्हा प्रश्न गंभीर होतो. शहरातल्या गळतीचा हिशेब ज्या प्रतिमानाने करतात त्याचा पाया हाच डबा आहे, आणि त्याचे मुख्य वैगुण्यही तेच आहे. ते छिद्रापाशी थांबते. छिद्राबाहेरची माती त्यात नसते. या प्रतिमानाचे गुणदोष येथे तपासायचे आहेत.

सूत्र काय सांगते

गॅलिलिओचा शिष्य टोरिचेली याने १६४४ साली मांडलेला नियम असा : छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग, पाणी तेवढ्या उंचीवरून पडले असते तर त्याला मिळाला असता तेवढा असतो. म्हणजे वेग हा पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. या वेगाला छिद्राच्या क्षेत्रफळाने गुणायचे. धार बाहेर पडताना थोडी आकसते, म्हणून आणखी सुमारे ०.६ ने गुणायचे. झाले गळतीचे सूत्र.

एक उदाहरण करून पाहू. पाइपाला ६ मि.मी. व्यासाचे, म्हणजे साधी पेन्सिल जाईल न जाईल एवढे भोक पडले आहे. आतला दाब २० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका आहे. पाण्याचा वेग येतो सेकंदाला सुमारे १९.८ मीटर आणि गळती येते सेकंदाला सुमारे ०.३४ लिटर. पाइपात चोवीस तास दाब असेल तर दिवसाला २९ हजार लिटर! मोठ्या शहरांसाठी आपल्याकडे माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबाने दोनशेहून अधिक माणसांचे पाणी या एका भोकातून जाते.

येथवर सूत्राने मोठे काम केले आहे. लहान भोकाकडे दुर्लक्ष करू नये, हे त्याने आकड्यात सांगितले. दुसरे भाकीत असे : गळती दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असल्यामुळे दाब निम्मा केला तरी गळती निम्मी होत नाही. ती फक्त २९ टक्क्यांनी घटते. हे भाकीत मोजून पाहता येते, आणि कोणत्याही प्रतिमानाची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

मोजणी काय सांगते

मोजणीची रीत सोपी आहे. शहराचा एक भाग झडपा बंद करून वेगळा काढायचा. मध्यरात्रीनंतर लोकांचा वापर अगदी कमी असतो, तेव्हा पाइपात शिरणारे पाणी बहुतांशी गळतीचेच असते. मग दाब पायरीपायरीने उतरवायचा आणि प्रत्येक वेळी प्रवाह मोजायचा. दाब आणि गळती यांच्या लॉगॅरिथमचा आलेख काढला की रेषेच्या उतारावरून घातांक मिळतो. वर्गमूळाचा नियम खरा असेल तर तो ०.५ आला पाहिजे.

अनेक देशांत अशा मोजण्या झाल्या. घातांक ०.५ पासून १.५ पर्यंत आणि क्वचित २.५ पर्यंतही आला. जपानमध्ये १.१५ हा घातांक बरीच वर्षे वापरात होता. हा फरक किरकोळ नाही. घातांक १ असेल तर निम्म्या दाबाने गळती निम्मी होते आणि १.५ असेल तर सुमारे ६५ टक्क्यांनी घटते. दाबनियंत्रणावर पैसे खर्च करावेत की नाही, हे या एका आकड्यावर ठरते.

सूत्राला पहिली दुरुस्ती सुचवली ती ब्रिटनमधील जॉन मे यांनी, १९९४ साली. त्यांचे म्हणणे असे की, छिद्राचे क्षेत्रफळ कायम राहते असे आपण उगाच धरतो. लोखंडी पाइपाचे गोल भोक फारसे बदलत नाही. परंतु प्लास्टिकच्या पाइपाला लांबीच्या दिशेने पडलेली चीर दाब वाढला की उघडते आणि कमी झाला की मिटते. क्षेत्रफळ दाबाबरोबर वाढत असेल तर दाबाचा परिणाम दोनदा होतो, एकदा वेगावर आणि एकदा चिरेच्या रुंदीवर. मग घातांक ०.५ आणि १.५ यांच्या दरम्यान कोठेही येऊ शकतो. प्रयोगशाळेत चिरा पाडलेल्या पाइपांवर याला चांगला आधार मिळाला आहे.

ही दुरुस्ती मोलाची आहे. तरीही तिने विचार भोकाच्या काठापर्यंतच नेला. बाहेर हवा आहे असे ती धरूनच चालते.

कागदावरची माती

मग माती हिशेबात घेतली तर? त्यासाठी लागणारा नियम तर शहराच्या पाणीपुरवठ्यातूनच आला आहे. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने आपल्या दिजाँ या गावाची पाणीयोजना उभारली आणि १८५६ साली तिच्याविषयी मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या परिशिष्टात वाळूच्या स्तंभातून पाणी सोडून केलेले प्रयोग आहेत. निष्कर्ष असा : वाळूतून झिरपणारे पाणी दाबातल्या फरकाच्या सरळ प्रमाणात असते. म्हणजे घातांक १. पाइपातल्या घर्षणाच्या सूत्रालाही याच डार्सीचे नाव जोडलेले आहे. पाइपातले पाणी आणि वाळूतले पाणी यांचा अभ्यास एकाच माणसाने केला. पुढे त्यांची दोन वेगळी शास्त्रे झाली, आणि पाइपाचे भोक नेमके त्या दोहोंच्या सीमेवर पडते.

येथे एक मोह होतो. मोजणीत घातांक बऱ्याचदा १ च्या आसपास येतो. डार्सीचा नियमही १ सांगतो. तेव्हा गळती मातीच ठरवते, असे म्हणून मोकळे व्हावे. परंतु आकडा जुळला म्हणजे कारण सापडले असे नाही. पडताळा घेऊ.

तेच ६ मि.मी. भोक, तोच २० मीटरचा दाब. बाहेर स्वच्छ वाळू आहे आणि तिच्यातून पाणी झिरपण्याचा गुणांक सेकंदाला एक दशांश मिलिमीटर आहे. सपाट भिंतीतल्या गोल भोकातून सगळीकडे पसरणाऱ्या प्रवाहाला डार्सीचा नियम लावला तर गळती येते दिवसाला सुमारे दोन हजार लिटर. हवेतल्या धारेच्या चौदाव्या हिश्शाएवढी. आता वाळूऐवजी दाबून बसवलेली चिकट काळी माती घ्या. तिचा गुणांक वाळूच्या लाखाव्या हिश्शाइतका असू शकतो. मग गळती येते दिवसाला जेमतेम चार चमचे! हे खरे असते तर काळ्या मातीवर वसलेल्या शहरांना गळतीची चिंताच उरली नसती.

उत्तर हास्यास्पद आले की नियमाच्या अटी तपासाव्यात. डार्सीचा नियम संथ प्रवाहासाठी आहे. वाळूच्या उदाहरणात भोकाच्या तोंडाशी पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ८५ सें.मी. येतो. अर्धा मि.मी. जाडीच्या कणांसाठी रेनॉल्ड्‌स अंक चारशेच्या वर जातो, आणि डार्सीचा नियम हा अंक १ ते १० पर्यंत असेल तेथवरच विश्वासार्ह असतो. दुसरी अट याहून महत्त्वाची आहे. वाळूचे कण जागच्या जागी राहिले पाहिजेत. वर जाणाऱ्या पाण्यात दर मीटर अंतरामागे सुमारे एक मीटर दाब खर्च होऊ लागला, की वाळूचे वजन पाण्याने पेलले जाते आणि कण सुटे होतात. आपल्या भोकाच्या तोंडाशी हेच प्रमाण काही हजारांत आहे. तेथे कण जागेवर राहणे शक्यच नाही.

म्हणजे कागदावर आणलेली माती ही माती नव्हतीच. ती न हलणारी, सगळीकडे सारखी असलेली चाळणी होती.

उकळणारी वाळू

मग प्रत्यक्षात काय होते? कोबस व्हॅन झाइल, ख्रिस क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेच्या बारीक मण्यांच्या थरात खालच्या फटीतून पाणी सोडून हे पाहिले. त्यांची निरीक्षणे २०१३ साली प्रसिद्ध झाली. फटीलगत मण्यांचा एक भाग द्रवासारखा होऊन घुसळत राहतो, बाहेरचे मणी मात्र स्थिर असतात. पाण्याच्या ऊर्जेचा बराच मोठा भाग या घुसळणीतच खर्च होतो. त्यापलीकडे पाणी शांतपणे झिरपत जाते. जात्यात धान्य फिरावे तसे कण गोल फिरत राहतात, त्यामुळे पाइपाची बाहेरची बाजूही घासली जाऊ शकते.

यातून तीन पट्ट्यांचे चित्र तयार होते. छिद्रात टोरिचेली, दूरवरच्या मातीत डार्सी आणि मध्ये एक घुसळणारा प्रदेश. त्याला या दोघांचाही नियम नीट लागू पडत नाही. अमेरिकेत थॉमस वॉल्स्की आणि सहकाऱ्यांनी २००६ साली छिद्राचा अडथळा आणि मातीचा अडथळा यांची तुलना करून दाखवले होते की, बहुतेक प्रसंगी छिद्रच वरचढ ठरते. याचा अर्थ गळती किती, एवढाच प्रश्न असेल तर डब्याचे सूत्र दिसते तितके वाईट नाही. दाबाखालचे पाणी मातीला बाजूला सारून आपली जागा करून घेते, म्हणूनच ते सूत्र चालते.

रस्त्याखालची खरी माती तर मण्यांच्या थराहून गुंतागुंतीची असते. पाइप टाकताना चर खणतात, तळाशी वाळू किंवा मुरूम घालतात आणि वर निघालेलीच माती लोटतात. चराच्या दोन्ही बाजू घट्ट आणि मधला भराव सैल, असा हा पाइपालगतचा आयता पाट असतो. भोक एकीकडे पडते, पाणी चराच्या भरावातून वाहत जाते आणि रस्ता ओला होतो तो भलत्याच ठिकाणी. बऱ्याचदा रस्ता ओला होतच नाही, कारण पाणी शेजारच्या गटारात शिरते. दख्खनच्या काळ्या मातीत आणखी एक भर पडते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाइपाच्या सांध्यांना हिसके बसत राहतात. एकसंध मातीचे समीकरण कितीही काटेकोरपणे सोडवले तरी यातले काहीच त्यात नसते. लोखंडी कांब जमिनीला टेकवून दुसरे टोक कानाशी धरणारा कर्मचारी डाग कोठे आहे हे न पाहता आवाज कोठे आहे हे ऐकतो, ते यामुळेच.

उलटा प्रवाह

या सूत्राचा सर्वांत मोठा दोष अजून सांगायचा आहे. या सूत्रात पाणी फक्त बाहेर जाते.

आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच सोडतात. चावीवाला चावी फिरवतो, दोन-चार तास पाणी येते आणि मग पाइप रिकामा होत जातो. आपल्या ६ मि.मी. भोकाचा हिशेब चार तासांच्या पुरवठ्यासाठी केला तर गळती येते दिवसाला सुमारे ४,८०० लिटर. चोवीस तासांच्या २९ हजारांशी तुलना केली तर गळती एक षष्ठांशावर आली. केवळ सूत्राकडे पाहणारा माणूस म्हणेल, पुरवठ्याचे तास कमी करणे हा गळतीवरचा उत्तम उपाय आहे.

उरलेल्या वीस तासांत काय घडते, ते आता पाहू. पाइपात दाब नाही. भोवतालची माती मात्र भिजलेली आहे. काही पाणी सकाळच्या गळतीचे आहे, काही शेजारच्या फुटक्या गटाराचे. समजा, हे पाणी पाइपाच्या वर केवळ ३० सें.मी. उभे आहे. आता दाब बाहेर जास्त आणि आत कमी. त्याच भोकातून पाणी आत शिरते. हा प्रवाह बराच मंद असल्यामुळे मघाशी नापास झालेला डार्सीचा नियम येथे अंदाजापुरता वापरता येतो. त्याच वाळूत उत्तर येते तासाला सव्वा लिटरच्या आसपास, म्हणजे वीस तासांत सुमारे २५ लिटर. त्यात पुरवठ्याच्या वेळी एखाद्या घराने नळाला थेट मोटर लावली असेल तर पाइपात शोषण निर्माण होऊन हा ओघ आणखी वाढतो.

बाहेर गेले ४,८०० लिटर, आत आले २५ लिटर. पाण्याच्या जमाखर्चात हा आकडा अर्धा टक्का, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा. पण हे २५ लिटर गटाराजवळच्या मातीतले आहेत. आरोग्याच्या जमाखर्चात तेच सर्वांत मोठे आहेत. नळाला पाणी येते तेव्हा पहिली बादली गढूळ निघते आणि घरातली बाई ती न भरता सोडून देते. तिच्या या साध्या व्यवहारात जे ज्ञान आहे, ते गळतीच्या सूत्रात नाही.

याला मोजणीचाही आधार आहे. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले आणि बाकी शहरात खंडित पुरवठा चालू राहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन यांनी दोन्हीकडच्या नळांचे पाणी तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चोवीस तास पुरवठ्याच्या नळांवर ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय जिवाणू आढळले, खंडित पुरवठ्याच्या नळांवर ३१.७ टक्के नमुन्यांत. हे जिवाणू पाण्यात मैला मिसळल्याची खूण मानले जातात. पुरवठा सुरू होतानाचे पहिले पाणी आणि दाब उतरलेला असतानाचे पाणी अधिक दूषित असते, असेही त्यांच्या पुढच्या कामातून दिसले.

याचा अर्थ पुरवठा चोवीस तास केला की सर्व काही आपोआप सुधारेल, असा नव्हे. जुन्या, चाळणी झालेल्या पाइपांत सतत दाब ठेवला तर गळतीचा आकडा सूत्राने सांगितल्याप्रमाणे वाढेलच. भोके बुजवणे, दाब माफक ठेवणे आणि तो शून्यावर न येऊ देणे ही तिन्ही कामे एकत्रच करावी लागतात. मुद्दा असा की, बाहेर जाणारे पाणीच मोजणारे प्रतिमान हाती असेल तर या तिसऱ्या कामाची गरजच दिसत नाही.

संगणकावर काय होते

आज जगभर जलवाहिन्यांच्या जाळ्याचे गणित संगणकावर करतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ साली तयार केलेली ‘एपानेट’ ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि फार वापरली जाते. तिच्यात दाबाच्या घातावर अवलंबून असणारा प्रवाह सांध्यावर मांडता येतो. घातांक आपण दिला नाही तर ती ०.५ धरते. हा घातांक बदलून मोजणीशी मेळ घालता येतो, आणि अभियंत्याला तेवढे पुष्कळदा पुरते. परंतु त्यात मातीचे नावही नाही. घातांक १.१ आला तर तो चिरा उघडल्यामुळे, वाळू घुसळल्यामुळे की रात्री कोणाच्या टाक्या भरत असल्यामुळे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. एका आकड्यात चार कारणे मिसळली की आलेख सुंदर जुळतो, पण कोठे खणायचे ते समजत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेत या साऱ्याची ओळख स्वस्तात करून देता येते. काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीत बारीक वाळू भरा. तळाशी, काचेला टेकून, एका रबरी नळीचे तोंड वरच्या दिशेने ठेवा. नळीच्या तोंडावर फडक्याचा तुकडा बांधा, म्हणजे वाळू आत शिरणार नाही. दुसरे टोक बादलीत बुडवून नळी पाण्याने पूर्ण भरून घ्या. बादली बरणीपेक्षा वीतभर उंच असेल तर पाणी झिरपताना दिसेल आणि वाळू हलणार नाही. बादली पहिल्या मजल्यावर नेली तर नळीच्या तोंडाशी वाळू उसळू लागेल. निरनिराळ्या उंचीला एका मिनिटात किती पाणी येते ते मोजून मुलांना आलेख काढू द्या. नंतर बरणीत वरून रंगीत पाणी ओता आणि बादली बरणीच्या खाली आणा. थोड्या वेळाने रंग बादलीत उतरेल. त्या क्षणी मुलांना विचारावे की, बादली ही जलवाहिनी असेल आणि रंग म्हणजे गटाराचे पाणी असेल तर काय?

प्रतिमानात काही गोष्टी गाळाव्याच लागतात, त्याशिवाय ते प्रतिमान होत नाही. टोरिचेलीच्या सूत्राने माती गाळली आणि ‘पाणी किती वाया जाते’ या प्रश्नाचे ठीक उत्तर दिले. ‘नळाचे पाणी पिण्याजोगे राहते का’ हा प्रश्न त्याला विचारलाच नव्हता. गाळलेली गोष्ट प्रश्न बदलल्यावर पुन्हा आत घ्यावी लागते, एवढे विद्यार्थ्याच्या लक्षात आले तर डब्याच्या आकृतीचा उपयोग झाला असे म्हणता येईल. फक्त ती फळ्यावर काढताना डब्याखालची जमीन आणि भोकाबाहेरची जागा, दोन्ही काढावीत.